नववं पान

माझ्या सुनेला शिकवता येत नाही, हे तिच्या तोंडावर सांगणारी पहिली मीच. त्याआधी मुलाखतीला बसलेल्या चार विद्वानांचंही तेच मत पडलं होतं, पण ते "कळवतो" म्हणाले. मला अशी भाषा येत नाही.

सून नांदेडची. लग्न होऊन काशीला आली ती फिजिक्सची एमएस्सी होऊनच. इथल्या मुलींच्या एका कॉलेजात ती आठ वर्षं तात्पुरती म्हणून शिकवत होती. दर जुलैत नवा कागद यायचा आणि मे महिन्यात तो संपायचा. सुट्टीत करायला काही नसलं की ही बाई तीन तीनदा फरशी पुसायची आणि माझे डबे अशा जागी ठेवायची की मला जिरं दिवाळीपर्यंत सापडू नये. मग त्या कॉलेजात कायमची जागा निघाली. नियम असा होता की समितीपुढे वीस मिनिटं एक धडा शिकवायचा, आणि समोर काहीच माहीत नसलेल्या मुली बसल्यात असं धरून शिकवायचा. पहिल्या खेपेला ही निम्मा वेळ फळ्याकडे तोंड करून उभी होती. कुणाचीच निवड झाली नाही. या वर्षी पुन्हा मुलाखत होती. आता कुणाला तरी घेणारच होते, आणि दुसरं कुणी आलं की हिचं तात्पुरतं कामही जाणार होतं.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी मी माजघरात मेथी निवडत होते. ती आली आणि समोर उभी राहिली.

"आई, मी धडा बोलून दाखवते. तुम्ही ऐकता?"

"मी चौथी पास आहे."

"म्हणून तर."

"वा. म्हणजे अडाणी म्हणून कामाची."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. बोल."

ती बोलली. अणूच्या मध्यभागी गाभा असतो, त्यात दोन जातीचे कण असतात, एकाचं नाव प्रोटॉन, दुसऱ्याचं न्यूट्रॉन, इथपर्यंत मी होते. पुढे तिने हवेत बोटाने काहीतरी लिहायला घेतलं. माझी अर्धी जुडी निवडून झाली.

"संपलं?" मी विचारलं.

"ही तर प्रस्तावना होती."

"तुला शिकवता येत नाही गं."

ती एकदम खाली बसली. मला वाटलं आता डोळ्यांना पदर लावणार. पण तिने माझ्यासमोरची मेथी ओढली आणि पानं इतक्या जोरात खुडायला लागली की देठंही भाजीत जायला लागली. मी ती बाजूला काढत राहिले.

"एक सांग," मी म्हटलं. "तो तुझा गाभा आतून आहे कसा? पिठाच्या गोळ्यासारखा सगळा एकजीव, की डाळिंबासारखा दाणे लावलेला?"

तिचे हात थांबले. "आई, याच्यावरच सगळा घोळ होता. आधी लोक म्हणायचे, पाण्याच्या थेंबासारखा आहे. सगळे कण एकमेकांना चिकटलेले, कुणाची ठरलेली जागा नाही. बरंच काही त्याने जुळायचं. पण काही आकडे जुळेनात. कण दोन झाले की गाभा फार घट्ट. आठ झाले की पुन्हा घट्ट. मग वीस, मग अठ्ठावीस, पन्नास. आणि त्यावर एक जास्त झाला ना, तर तो सैल. चटकन सुटतो."

"म्हणजे नववा?"

"हो, नववा."

"नववा उठणारच," मी म्हटलं. "त्यात काय शोधायचं?"

हे मी का म्हटलं ते सांगायला हवं. आमचं घर ब्रह्मा घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत आहे. सासऱ्यांकडे आणि नंतर माझ्या नवऱ्याकडे महाराष्ट्रातले यात्रेकरू उतरायचे. त्यांचे विधी हे दोघं करायचे आणि त्यांचं जेवण आम्ही बायका. चौकाच्या दोन बाजूंना सारख्याच खोल्या आहेत. पुरुषांची पंगत या बाजूला बसायची, बायकांची त्या बाजूला. देवघरासमोर दोन पाट मावायचे. ते भरले की माजघरात सहा. मग ओसरी, मग जिना चढून गच्ची. आतली जागा भरल्याशिवाय बाहेरची उघडायची नाही, हा सासूबाईंचा नियम. वाढणाऱ्या बाईचे पाय वाचतात, एवढाच त्याचा अर्थ.

आणि पंगतीचा सगळ्यांना माहीत असलेला नियम असा की, शेजाऱ्याचं होईपर्यंत पानावरून उठायचं नाही. ज्याचं पोट भरलं तोही दोन शितं चिवडत बसतो. माणूस पाटावर बसतो तो निम्मा भुकेने आणि निम्मा शेजाऱ्यामुळे.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. साताऱ्याकडचे नऊ पुरुष आले. दोन देवघरासमोर, सहा माजघरात, आठ झाले. नवव्याचं पान मी ओसरीवर मांडलं. सासूबाई श्राद्धाच्या खिरीत गुंतल्या होत्या, त्यांना विचारलं नाही. तो गृहस्थ ओसरीवर एकटा. वरण-भात खाल्ला, पुरी खाल्ली, इकडे तिकडे पाहिलं आणि उठून हात धुऊन चालता झाला. खीर राहिली, दहीभात राहिला. श्राद्धाच्या दिवशी अर्धं पान. सासूबाई मला म्हणाल्या, "एकट्याला ओसरीवर बसवतात का गं? त्याला धरून ठेवायला कोण होतं तिथे?" त्यानंतर नऊ आले की आम्ही घरातले एक-दोन पुरुष नवव्याच्या शेजारी बसवायचो, भूक असो नसो.

हे मी सुनेला सांगितलं. तिने मेथीचे हात साडीला पुसले. एरवी मी बोलले असते.

"आई, दोन आणि सहा, आठ. ओसरीवर किती बसायचे?"

"अकरा."

"बारा नाही?"

"बारावं पान मोरीशेजारी यायचं. तिथे मी कुणाला बसवत नसे."

"पण मांडलं तर मांडता यायचं ना?"

"मांडता काय, मोरीतही मांडता येईल."

"मग बारा धरू. आठ आणि बारा, वीस!" ती टाळी वाजवायचीच राहिली. "आणि दोन्ही बाजूंच्या पंगती वेगळ्या. प्रोटॉनांची वेगळी, न्यूट्रॉनांची वेगळी. दोन्हीकडे पूर्ण भरली की सगळ्यात घट्ट. आई, तुमचं घर म्हणजे..."

"माझं घर म्हणजे गवंड्याने जसं बांधलं तसं आहे. नाचू नकोस. गच्चीचं विचार."

"गच्चीवर किती?"

"वीस."

तिचा चेहरा पडला. वीस आणि वीस चाळीस होतात, आणि तिला हवे होते अठ्ठावीस. ती म्हणाली, "साध्या हिशेबाने शास्त्रज्ञांचेही चाळीसच यायचे. तिथेच सगळे अडले होते."

"आमचेही चाळीस कधी झाले नाहीत," मी म्हटलं. "गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी पत्रा आहे. त्याच्या सावलीत आठ पानं. बाकीची बारा उन्हात. सावलीतली आठ भरली की उन्हात कुणी बसायला तयार नसे. तुझं मोरीशेजारचं पान धरून अठ्ठावीस, आमचे सत्तावीस. तेवढे झाले की आम्ही म्हणायचो, उरलेल्यांनी दर्शन करून यावं, दुसरी पंगत मांडू."

या वेळी तिने टाळी वाजवलीच. मग मला समजावून सांगितलं की गाभ्यातले कण गाभ्यातल्या गाभ्यात फेऱ्या मारतात आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही फिरतात. आरतीनंतर आपण जागच्या जागी फिरतो तसं. ज्याचं दोन्ही फिरणं एकाच दिशेचं, तो जरा खालच्या, आरामाच्या जागी बसतो. ज्याचं उलटं, तो वर राहतो. त्या वीसांतले आठ असे खाली उतरतात आणि आपली वेगळी रांग करतात. म्हणून अठ्ठावीस.

"तुमचं कारण फिरणं," मी म्हटलं, "आमचं ऊन. समितीपुढे दोन्ही एकच म्हणून सांगू नकोस. कुणीतरी धरेल."

"नाही सांगणार."

"आणि ओसरीचे अकरा सांग."

"अकरा सांगितले तर माझा आकडा मोडतो ना!"

"मग मोडू दे."

त्या आठ दिवसांत घरात दुसरं काही झालं नाही. तिने चौकात खडूने पाट काढले आणि त्यावर काळे हरभरे आणि काबुली हरभरे मांडले, काळे इकडे, काबुली तिकडे. मुलगा बँकेतून आला की त्याला पाटांवरून उडी मारून यावं लागे. एका पाटावर एकच हरभरा, दोन चालत नाहीत, यावर ती फार जोर द्यायची. मी विचारलं, "अगं, पण गाभा एवढासा, आत एवढी गर्दी. धक्के लागत नसतील? रांगा मोडत नसतील?" मला खरंच वाटलं होतं की ही अडकणार. पण ती म्हणाली, "धक्का लागून सरकणार कुठे? शेजारचा पाट भरलेलाच आहे. सरकायला रिकामी जागाच नाही, म्हणून जो तो आपल्या जागी." मला हे पटलं. भरल्या पंगतीत कोपराला कोपर लागतं, पण कुणी हलत नाही. थेंबवाल्यांना गर्दी दिसली, पाट दिसले नाहीत.

तिने मुलालाही सोडलं नाही. जेवताना त्याला म्हणाली, "हे कण जोडीजोडीने बसतात. जोडीतला एक असा फिरतो, दुसरा उलटा, आणि दोघांचं फिरणं एकमेकांत मिटून जातं. शेवटी एकटा उरला, तर अख्ख्या गाभ्याचं फिरणं तो एकटा ठरवतो."

मुलगा म्हणाला, "मतलब, तू आणि मी मिटलो. आई एकटी, घर तीच ठरवते."

"मिटला असतास तर बरं होतं," मी म्हटलं, "निदान घोरला नसतास."

एक प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी तो विचारला.

"या पंगतीचा यजमान कुठे बसतो?"

"म्हणजे?"

"मागे तू म्हणालीस, अणूच्या मध्यभागी गाभा आणि भोवती ते दुसरे कण फिरतात. तिथे ठीक आहे, गाभा यजमान. त्याने धरून ठेवलंय. पण गाभ्याच्या मध्यभागी कोण आहे? कुणी धरलंय? कुणी सांगितलं यांना रांगेत बसा म्हणून?"

"मध्यभागी कुणी नाही."

"मग पंगत कशी बसली?"

ती म्हणाली, "सगळ्यांचं मिळून एक क्षेत्र तयार होतं, सरासरी विभव, आणि त्यात..." आणि तिचं बोट पुन्हा हवेत गेलं.

"बघ, आलं तुझं बोट."

ती खडूच्या पाटांमध्ये बसून राहिली. "हेच मला नीट सांगता येत नाही, आई. मागच्या वेळी इथूनच मी फळ्याकडे वळले."

मला एक गोष्ट माहीत होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

हे गेले त्यानंतरच्या तेराव्याची पंगत. मुलगा बावीस वर्षांचा, तापाने वर पडला होता. सासरे आधीच गेलेले. पंगत मांडली, पानं वाढली, संकल्प झाला. आता रीत अशी की, यजमानाने पंगतीतून हात जोडून फिरायचं आणि म्हणायचं, "सावकाश होऊ द्या." ते ऐकल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. फिरायला कुणीच नव्हतं. माणसं पानावर हात धरून बसली. भातावरचं तूप गोठायला लागलं. मला एवढंच वाटलं की आता उठतील सगळे, आणि एवढं अन्न मी कुठे घालू.

मग माजघरातला एक म्हातारा शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, "सावकाश होऊ द्या." शेजाऱ्याने त्याच्या पुढच्याला म्हटलं. ते ओसरीपर्यंत गेलं. ओसरीवरून परत आलं. सगळे जेवले आणि कुणी मध्येच उठलं नाही. त्या दिवशी यजमान कोण होता, असं विचारलं तर मी नाव सांगू शकणार नाही. प्रत्येकजण दुसऱ्याचा थोडा थोडा होता.

"तुझं ते क्षेत्र असं काही आहे का बघ," मी म्हटलं, "नसेल तर सोडून दे."

तिने दोन हरभरे उचलून परत आपापल्या पाटावर ठेवले. मग म्हणाली, "असंच आहे." आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला. साखर घालायला विसरली.

मुलाखतीला तिने मला बरोबर नेलं. टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षात, ती हरभऱ्यांची पुरचुंडी मुठीत धरून बसली होती. मैदागिन चौकाच्या गर्दीत टोटो अडकला तेव्हा माझ्यावर ओरडली, की मी निघायला उशीर केला. मी केला नव्हता. पण मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात असं फारदा झालेलं नाही.

मला व्हरांड्यात बाकावर बसवलं. खिडकी उघडी होती. आत तीन पुरुष आणि एक बाई. एकजण मोबाइलमध्ये बघत होता. सुनेने टेबलावर खडूने पाट काढले तेव्हा त्याने मोबाइल खाली ठेवला.

ती हिंदीत बोलत होती. मी सगळं ऐकलं. दोन, सहा, ओसरी. आणि ओसरीशी आल्यावर म्हणाली, "सच कहूँ तो हमारे घर में यहाँ ग्यारह ही बैठते हैं. बारहवें के बगल में नाली है." बाई हसली. सून म्हणाली, घर घर आहे आणि गाभा गाभा आहे, पंगतीने रांगा समजतात, आकडे प्रयोगातून घ्यायचे. चाळीस का होत नाहीत हेही सांगितलं, ऊन वेगळं आणि फिरणं वेगळं करून.

मग सगळ्यात वयस्कर होते त्यांनी विचारलं, "सब ठीक है, मैडम. पर इस पंगत का मेज़बान कौन है? बीच में कौन बैठा है?"

मी बाकावरून उठले. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. तिचा खडूचा हात वर गेला. मला वाटलं, झालं, आता वळणार फळ्याकडे.

तिने खडू टेबलावर ठेवला.

"कोई नहीं, सर," ती म्हणाली. "मेरे ससुर की तेरहवीं में भी कोई नहीं था." आणि तिने ते सांगितलं. मी सांगितलं होतं त्याहून थोडक्यात. तूप गोठल्याचं गाळलं. शेवटी म्हणाली की प्रत्येक कण बाकी सगळ्यांच्या ओढीत बसलेला आहे, आणि त्या बाकी सगळ्यांच्या ओढीत त्याचाही वाटा आहे. मग त्या गृहस्थांनी तिला या मॉडेलने काय सांगता येत नाही ते विचारलं, आणि तिने तेही सांगितलं, की पंगत अर्धवट भरली की गाभा गोल राहत नाही, लांबट होतो, आणि तिथे पुन्हा थेंबवाल्यांचं ऐकावं लागतं. ते मला नवीन होतं. घरी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही विचारलं नव्हतं."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला न विचारता सांगितलं. राग आला?"

"चुकीचं सांगितलंस. तो म्हातारा माजघरात होता, तू ओसरीवर म्हणालीस."

महिन्याभराने पत्र आलं. तिला घेतलं होतं. मुलाने पेढे आणले. तिने पहिला देवापुढे ठेवला, दुसरा माझ्यापुढे. मी अर्धा खाल्ला, साखर वाढते म्हणून.

श्रावणात तिने तिच्या वर्गातल्या मुली जेवायला आणल्या. त्यांना ती पंगत बघायची होती. मी म्हटलं होतं, आठ आण. तिने नऊ आणल्या, कारण एकीला नाही म्हणणं तिला जमलं नाही. दोघी देवघरासमोर बसल्या, सहा माजघरात. नववी बारीकशी, चष्मा लावलेली, आझमगढकडची. ती उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. सुनेने तिचं पान ओसरीवर मांडलं आणि तिथूनच माझ्याकडे पाहिलं. तिला आठवलं होतं आणि मलाही.

माझं जेवण मी नेहमी मागून घेते, स्वयंपाकघरात, एकटीच. गेली कित्येक वर्षं तसंच आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण त्या दिवशी मी दुसरा पाट घेतला आणि ओसरीवर त्या मुलीच्या शेजारी टाकला. गुडघे दुखतात, बसायला वेळ लागला. मुलीने हात द्यायला बघितलं, मी नको म्हटलं.

ती हळूहळू जेवत होती. पुरणपोळी तिने पहिल्यांदाच खाल्ली आणि तिला ती आवडली नाही, हे मला दिसत होतं. सून तूप घेऊन आली, आमच्या दोघींच्या पानांवर वाढलं आणि पंगतीकडे बघून म्हणायचं ते म्हणाली नाही. माझ्यासाठी ठेवलं.

मी त्या मुलीला म्हटलं, "सावकाश होऊ दे." मग हिंदीतून सांगितलं, कारण तिला मराठी येत नव्हती. तिने मान डोलावली आणि दहीभात मागून घेतला. माझं कधीच झालं होतं. मी दोन शितं चिवडत बसले.